दहा राग, एक यंत्र आणि पूर्वसूरींचा शोध

१९८७ साली शिकागोच्या ट्रॅक्स रेकॉर्ड्सने 'फ्यूचर' या त्रयीची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली. नृत्यसंगीताच्या इतिहासात 'अ‍ॅसिड हाउस' या प्रकाराचा उगम बहुधा याच तबकडीपाशी दाखवला जातो. रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्राची एक स्वरावली, त्याची बटणे पिळत, सुमारे बारा मिनिटे वळवत नेणे, एवढेच तिच्यात घडते. बास गिटारवादकाची जागा भरून काढण्यासाठी बनवलेले हे यंत्र बाजारात पडले होते. म्हणूनच ते जुन्या सामानात स्वस्तात मिळे.

२०१० साली हे उगमस्थान डळमळीत झाले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून आयुष्य घालवलेल्या चरणजित सिंग यांची 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही १९८२ ची तबकडी एडो बाऊमन या डच संग्राहकाने पुन्हा प्रकाशित केली. त्याला ती २००२ मध्ये दिल्लीत सापडली होती. तिच्यात टीबी-३०३ होते, टीआर-८०८ हे तालयंत्र होते आणि ललित, तोडी, मालकंस यांसारखे दहा राग होते. पाश्चात्त्य समीक्षकांना प्रथम हा बनावच वाटला. एखाद्या ब्रिटिश संगीतकाराने जुन्या वेष्टनात नवा माल विकला असावा, अशी कुजबुज झाली. शंका फिटल्यावर सिंग यांना 'अ‍ॅसिड हाउसचे जनक' ठरवण्यात आले.

आम्ही कात्रजकडची माणसे उगमाबाबत अंमळ हळवी असतो. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी येथील तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्यातील हौदांत नेले. वाटेत बांधलेल्या उच्छ्वासांवरून त्या नळाचा माग आजही काढता येतो. मुंबई ते शिकागो असा नळ कोणाला दाखवता आलेला नाही. मग 'जनक' हा शब्द कशाच्या आधारे? बोर्हेसने काफ्काविषयी लिहिताना म्हटले होते की प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतःच घडवतो. येथे तेच झाले: १९८७ नसते, तर १९८२ कोणाला ऐकूही आले नसते.

साम्य मात्र खरे आहे आणि त्याचे कारण प्रभावाविना सांगता येते. रागसंगीतात स्वरसंवादांची बदलती मालिका नसते, सारे काही एका षड्जाभोवती फिरते. शिकागोच्या त्या तबकडीतही स्वरसंवाद बदलत नाहीत. यंत्र एक, बंधन एक, म्हणून फळही जवळचे. सिंग यांचा हेतू तर अगदी साधा होता. १९८० च्या 'कुर्बानी'नंतर हिंदी चित्रपटांत डिस्कोची लाट होती. तोच ठेका रागांना द्यावा, असे त्यांना वाटले. अशोक रानडे ज्याला जनसंगीत म्हणत, त्याच्या अंगणात त्यांनी कलासंगीत आणून बसवले.

या कौतुकात एक प्रश्न मागेच राहिला, आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा आहे: राग म्हणून हे दहा तुकडे कसे आहेत? कालगणनेत अडकलेल्या परीक्षणांनी त्याला जेमतेम स्पर्श केला. प्रत्येक तुकडा सुमारे पाच मिनिटांचा, लय ठरलेली. विस्तृत आलापीला वाव नाही. भूपालीचे पाच स्वर हे सहज सोसतात. ललितचे दोन मध्यम लागोपाठ येतात, तेही कळफलकावर निघतात. तोडीचा अतिकोमल गांधार मात्र समान अंतरांच्या सप्तकात बसत नाही. तो दोन पट्ट्यांमधल्या फटीतच राहतो. उलट टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. ती बास गिटारच्या नकलेसाठी होती, पण येथे मींडेच्या कामी येते. सिंग २०१५ च्या जुलैत मुंबईत वारले. त्याआधी युरोपातील मंचांवर, नाचणाऱ्या तरुणांपुढे, त्यांनी हेच राग पुन्हा वाजवले होते.