जुन्या कॅबिनेटमध्ये नवी रॅम

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला, आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागल्यावर तिरोडा, आमगाव, देवरी अशा तालुक्याच्या गावांतही संगणकवर्गांच्या पाट्या दिसू लागल्या. घरात कॉम्प्युटर घेण्याचा विचार अनेक कुटुंबांत शिरला तो याच वाटेने. त्या काळात घरासाठी बहुधा असेम्बल केलेले मशीन घेतले जाई. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, सगळे सुटे निवडायचे आणि दुकानदाराने जोडून द्यायचे. सुटे घेतलेले सुटेच बदलताही येते, त्यामुळे ‘नवा घ्यावा की आहे तोच वाढवावा’ हा प्रश्न खरेदीबरोबरच घरी येई. गेल्या पंचवीस वर्षांचा हिशेब पाहिला तर माझे मत असे बनते, की नेमकी अडचण ओळखून एखादाच भाग बदलला तेव्हा पैसे वसूल झाले. मशीन सगळ्या बाजूंनी ‘नवे’ करू पाहिले तेव्हा ते बहुतेक वाया गेले.

रॅमचे उदाहरण सगळ्यांत स्पष्ट आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागे आणि मायक्रोसॉफ्टची शिफारस १२८ ची होती. त्यावर अँटिव्हायरस आणि टायपिंगचा प्रोग्राम चढला की जागा अपुरी पडे. रॅम संपली की संगणक हार्ड डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरतो, आणि फिरत्या तबकडीची डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी मंद असते. मशीन हँग होते असे आपण म्हणायचो त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असे. रॅमची एक पट्टी वाढवली की तेच मशीन आणखी दोन-तीन वर्षे चाले. प्रोसेसरचे मात्र तसे नव्हते. नवा प्रोसेसर जुन्या सॉकेटमध्ये बसत नसे, म्हणून मदरबोर्ड बदलायचा. नव्या बोर्डावर जुनी रॅम चालत नसे, कारण एसडीरॅम, डीडीआर, डीडीआर-२ या प्रत्येक पिढीच्या पट्टीची खाच वेगळी. पुढे आयडीई जाऊन साटा आले तेव्हा हार्ड डिस्कही बदलण्याची वेळ आली. शेवटी जुने उरे ते कॅबिनेट, आणि खर्च जवळजवळ नव्या मशीनएवढा होई.

मराठी घरांसाठी आणखी एक बदल मोलाचा होता आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही याचे मला वाईट वाटते. विंडोज ९८ मध्ये देवनागरी युनिकोडची सोयच नव्हती. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये लिहिलेला अर्ज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हे दिसत. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये ही सोय आली, पण एक्सपीत ती बहुधा सीडी घालून वेगळी सुरू करावी लागे. ज्या घराने रॅम वाढवून एक्सपी चालवले, त्याला थोड्या खर्चात वेगाबरोबर आपली लिपीही मिळाली.

कोणी म्हणेल, हा हिशेब शहरातला आहे. खेड्यात मुळात वीजच नसे. आक्षेप खरा आहे. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन तासन्‌तास चाले. चालू मशीनची वीज अचानक गेली की फाइली बिघडत, कधी डिस्कही दगावे. म्हणून त्या काळी गोंदियाच्या ग्रामीण भागातल्या घरासाठी सर्वांत फायद्याची सुधारणा यूपीएस हीच होती असे मी म्हणेन, जरी त्याने वेग तसूभरही वाढत नसला तरी. तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि राज्यातली विजेची टंचाईही पुढे कमी झाली, तेव्हा अडचणीची जागा पुन्हा मशीनच्या आत सरकली. ती आता हार्ड डिस्कवर येऊन थांबली होती. तबकडीऐवजी एसएसडी बसवली की दहा वर्षांचा डेस्कटॉपही झटकन सुरू होतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हा अडगळीतले कितीतरी संगणक असेच पुन्हा कामाला लागू शकत होते.

आजचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षा-सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीच्या मशीनमध्ये रॅम आणि एसएसडी कितीही घातली तरी ही अट पुरी होत नाही, आणि सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत हे मला पूर्ण मान्य आहे. पण तेवढ्यावरून मशीन भंगारात काढायची गरज नाही. लिनक्स फुकट मिळते, देवनागरी नीट दाखवते, आणि अभ्यास, अर्ज, सातबारा पाहणे एवढ्या कामाला पुरते. मोबाइल असताना हे कशाला, असेही विचारले जाते. लांब अर्ज भरणे, टायपिंगचा सराव करणे, हिशेबाचा तक्ता मांडणे ही कामे मोठ्या पडद्यावर आणि कीबोर्डवर शिकणाऱ्या मुलाला सोपी जातात. आठव्या पिढीपासून पुढचे मशीन असेल तर एसएसडी आणि रॅमवर पैसे जरूर घालावेत. त्याआधीच्या मशीनमध्ये फार तर एक एसएसडी घालून लिनक्स टाकावे आणि बाकीची रक्कम नव्यासाठी ठेवावी. नवा लॅपटॉप घेताना मात्र रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवली आहे की सुटी आहे, हे दुकानात आधी विचारून घ्यावे, कारण आता पुष्कळ मॉडेलांत ती वाढवताच येत नाही.