ऐसपैस, ओबडधोबड आणि पाणिनी

आधी साधं बोलणं आणि मागाहून कवीने त्यावर चढवलेले अलंकार, हा क्रम मराठीपुरता तरी टिकत नाही. आजूबाजू, अधूनमधून, अघळपघळ, अदलाबदल, इकडेतिकडे, उरलंसुरलं, ऐसपैस, ओबडधोबड हे शब्द ओळीने म्हणून पाहावेत. पहिला भाग स्वराने उघडतो, दुसऱ्याच्या तोंडाशी व्यंजन येऊन बसतं आणि पुढचा ध्वनी बहुधा तसाच परततो. कुणी शिकवत नाही, तरी 'बाजूआजू' शेंबडं पोरही म्हणत नाही. यमक, मात्रांचा तोल आणि ठरलेला क्रम ही पद्याची साधनं इथे एकेका शब्दात हजर आहेत. गोडधोड, शेजारीपाजारी या जोड्या व्यंजनाने सुरू होतात. त्यांतही यमक शाबूत राहतं.

क्रमाचा प्रश्न जुनाच आहे. द्वंद्व समासात कोणतं पद आधी, हे सांगताना पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात लागोपाठ दोन सूत्रं दिली आहेत. स्वराने सुरू होऊन अकाराने संपणारं पद आधी. आणि ज्यात स्वर कमी ते आधी. ऐसपैस हा काही द्वंद्व नव्हे, कारण त्यातल्या 'पैस'ला या जोडीत वेगळा अर्थ नाही. पण कानाची ओढ तीच. डाळतांदूळ, मीठभाकर, भाजीभाकरी यांत दुसरा नियम उघड दिसतो. सासूसून मात्र उलटं चालतं, आणि त्याचीही सोय व्याकरणात आहे: मान मोठा त्याचं पद आधी, असं पाणिनीच्या सूत्रांना जोडलेलं वार्तिक सांगतं.

रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1960 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हेच दाखवलं, बहुधा पाणिनी डोळ्यांपुढे न ठेवता. त्याच्या उदाहरणात कुणीतरी जुळ्या बहिणींपैकी जोनचं नाव नेहमी आधी आणि मार्जरीचं नंतर घेतं. लाडकी कोण, हा प्रश्नच नाही. तसं म्हटलेलं कानाला बरं लागतं, एवढंच उत्तर. लहान नाव आधी आलं की जोडी घडीव वाटते, हा याकबसनचा खुलासा. काव्याचं कार्य कवितेपुरतं नसतं, हा त्याचा मुद्दा इतक्या साध्या उदाहरणावर उभा आहे.

आता दारात आलेल्या पाहुण्याशी होणारं बोलणं घ्या.

'बस ना, चहाबिहा घे.'
'चहा नको.'
'नको काय, घे.'
'बरं, अर्धा.'
'अर्धाबिर्धा नाही, पूर्ण घे.'

बहुतेक उत्तरं समोरच्याचा शब्द उचलूनच सुरू होतात. 'अर्धा' दोनदा येतो, अर्थ तोच, रोख वेगळा: एकदा तडजोड, एकदा तिचा निकाल. अर्थ न बदलता तात्पर्य बदलणाऱ्या अशा पुनरुक्तीला अलंकारशास्त्रात लाटानुप्रास म्हणतात. त्यात 'बि'ची करामत पाहण्यासारखी आहे. 'चहाबिहा'मध्ये तो आग्रह सैल करतो, पाहुण्याला अवघडू देत नाही; 'अर्धाबिर्धा'मध्ये तोच समोरच्याचं म्हणणं उडवून लावतो. 'लग्नबिग्न' कोणत्या सुरात म्हटलं त्यावर घरात भांडण होऊ शकतं.

मग बोलणं आणि काव्य यांत फरक कुठे? संस्कृत काव्यशास्त्रकार भामहाने सूर्य मावळल्याचं, चंद्र उगवल्याचं आणि पाखरं घरट्याकडे निघाल्याचं साधं निवेदन काव्य म्हणून नाकारलं. त्याच्या लेखी ती नुसती वार्ता, कारण तिच्यात वक्रोक्ती, म्हणजे बोलण्यातलं वळण, नाही. पुढे मम्मटाने काव्यप्रकाशात सूर्य मावळला एवढंच वाक्य घेतलं आणि ऐकणाऱ्यागणिक त्यातून वेगळी सूचना कशी निघते ते मांडलं: गुरं आत घ्या, काम थांबवा, संध्येची वेळ झाली, प्रियकराकडे निघ. माझा कल मम्मटाकडे आहे. चहाच्या संवादातही अर्थ शब्दांपेक्षा प्रसंगात जास्त आहे. बोलण्याला प्रसंग आयता मिळतो. लेखकाला तो शब्दांतूनच उभा करावा लागतो, म्हणून तो बोलीतल्याच आवर्तनांवर अधिक भार टाकतो.

ज्ञानेश्वरीची ओवी या दृष्टीने वाचावी. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड, यमकाविना सुटतो. तीन चरणांत जमलेली लय त्या चौथ्यात बोलण्याच्या चालीवर उतरते आणि पुढच्या ओवीला जागा मिळते. ग्रंथभर समोर श्रोते आहेत, गुरू निवृत्तिनाथ आहेत, त्यांना उद्देशून विनवणी आणि लडिवाळपणा आहे. ही रचना बैठकीत ऐकवण्यासाठी घडलेली आहे, आणि अशा बैठकीत प्रत्येक ओळ यमकाने बंद झाली असती तर निरूपणाचा पाठच झाला असता.