ऑलिव्हचे तेल आणि स्पेनचे ताट

रोम शहराच्या दक्षिण भागात, टायबर नदीपासून थोड्या अंतरावर, सुमारे ३५ मीटर उंचीची एक टेकडी आहे. तिच्यावर गवत उगवते, झुडपे वाढतात. परंतु ती निसर्गाने घडविलेली नाही. मोन्ते तेस्ताच्चो, म्हणजे खापरांचा डोंगर, हे तिचे नाव अक्षरशः खरे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत जहाजांनी आलेले तेल काढून घेतल्यावर रिकामे मातीचे कुंभ येथे फोडून रचले जात. एका कुंभात सुमारे ७० लिटर तेल मावे, आणि अशा पाच कोटींहून अधिक कुंभांची खापरे येथे असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख ड्रेसेल या जर्मन पंडिताने ती बारकाईने पाहिली, तेव्हा त्यांवर शाईची अक्षरे आढळली : रिकाम्या कुंभाचे वजन, तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव, तपासणीची नोंद. कचेऱ्यांतील दप्तरे वाळवी खाते. रोमनांचे दप्तर खापरावर लिहिलेले, म्हणून ते टिकले.

यांतील बहुतेक तेल स्पेनच्या बेटिका प्रांतातून, म्हणजे आजच्या आंदालुसियातून, येई. पुढे तेथे अरबांचा अंमल आला आणि त्याची खूण भाषेत राहिली. ऑलिव्हच्या झाडाला स्पॅनिश माणूस लॅटिनपासून आलेला 'ओलिवो' हा शब्द वापरतो. परंतु फळाला 'आसेइतुना' आणि तेलाला 'आसेइते' हे शब्द अरबीतून आलेले आहेत.

हे झाड शेकडो वर्षे जगते. आपल्याकडील आंब्याप्रमाणे ते एका वर्षी भरभरून फळते आणि पुढल्या वर्षी हात आखडते. त्यात स्पेनचे पाऊसमान बेभरवशाचे. तथापि स्पॅनिश माणसाच्या ताटात किती तेल पडावे, हे पुष्कळदा झाडाने नव्हे तर राज्यव्यवहाराने ठरविले आहे. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धानंतर फ्रँकोच्या राजवटीने स्वयंपूर्णतेचा मार्ग धरला. तेलाचे भाव बांधून दिले आणि १९५२ पर्यंत शिधापत्रिका चालल्या. बांधलेला भाव उत्पादकाला परवडेना. साहजिकच तेल चोरबाजारात जाऊ लागले. या काळ्या बाजाराला लोक 'एस्त्रापेर्लो' म्हणत. १९३५ साली गाजलेल्या एका जुगारयंत्राच्या लाचप्रकरणातून हा शब्द रूढ झाला होता. ऑलिव्हच्या राईत राबणाऱ्या मजुराच्या घरी मात्र तेल मोजूनमापून वापरावे लागे.

१९५३ मध्ये अमेरिकेशी करार झाला. पुढल्या वर्षी अमेरिकेने जो 'पी. एल. ४८०' कायदा केला, तो भारतीयांना गव्हामुळे ठाऊक आहे. स्पेनला त्याखाली सोयाबीनचे तेल मिळाले. ते घरच्या स्वयंपाकाला आले आणि ऑलिव्हचे तेल परकीय चलनासाठी बाहेर पाठविणे सोपे झाले. दरम्यान खेड्यांतील मजूर शहरांकडे, फ्रान्स-जर्मनीकडे निघाले. फळे उतरविण्याची मजुरी वाढली, काही ठिकाणी राया उपटल्या गेल्या आणि सूर्यफुलाची लागवड पसरली.

स्वस्त तेलाच्या गरजेचा सर्वांत दारुण परिणाम १९८१ मध्ये दिसला. खाण्यात येऊ नये म्हणून अ‍ॅनिलिन मिसळलेले, कारखान्यांसाठी आयात केलेले रेपसीडचे तेल काही व्यापाऱ्यांनी प्रक्रिया करून, फिरत्या विक्रेत्यांकरवी, बिनलेबलाच्या डब्यांतून खाद्यतेल म्हणून खपविले. वीस हजारांच्या आसपास माणसे आजारी पडली आणि तीनशेहून अधिक दगावली. बळी पडलेली कुटुंबे बहुतेक करून श्रमिक वस्त्यांतील होती. जे तेल ती स्वस्तात मिळाले म्हणून घेत, त्याची परीक्षा करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

१९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात सामील झाला आणि चित्र पालटले. उत्पादनाच्या प्रमाणात अनुदान मिळू लागले, ठिबक सिंचन आले. एकट्या हाएन प्रांतात सहा कोटींहून अधिक झाडे उभी आहेत. २०१८-१९ च्या हंगामात देशाचे उत्पादन १८ लाख टनांच्या जवळ पोहोचले. त्यातील पुष्कळ तेल मोठ्या टाक्यांतून इटलीला जाते आणि तेथील बाटल्यांत भरून जगभर विकले जाते.

मग २०२२ आणि २०२३ मध्ये पावसाने दगा दिला व फुलोऱ्याच्या वेळी उष्णतेने कहर केला. २०२२-२३ चे उत्पादन सात लाख टनांच्याही खाली आले. २०२४ च्या आरंभी घाण्यावरचा भाव किलोला नऊ युरोंच्या आसपास गेला. काही दुकानांत तेलाच्या बाटल्यांना चोरी रोखणारी कुलपे लागली, सरकारने तेलावरील कर काही काळ शून्यावर आणला आणि पुष्कळ घरांनी सूर्यफुलाचे तेल घेतले. २०२४-२५ मध्ये पाऊस बरा झाला, उत्पादन १४ लाख टनांच्या आसपास गेले आणि भाव निम्म्याहून खाली उतरले. तेव्हा आंदालुसियातील शेतकरी, खर्च निघत नाही, अशी तक्रार घेऊन सरकारदारी गेले.