मागे राहिलेल्यांसाठी

इतिहासाच्या पुस्तकात तलवारीला जितकी पाने मिळतात, तितक्या ओळीही खांद्याला मिळत नाहीत. लढाई दोन-चार घटकांची असते. पण त्या लढाईपर्यंत पोचायला आणि तिच्यातून परतायला जी वाटचाल करावी लागते ती दिवसच्या दिवस चालते, आणि त्या वाटचालीत माणसाच्या पाठीवर काहीतरी असतेच. शिधा असतो, दारूगोळा असतो, जखमी सोबती असतो. रोमन सेनापती मारियस याने आपल्या शिपायांच्या पाठीवर सामान लादले तेव्हा लोकांनी त्या शिपायांना ‘मारियसची खेचरे’ असे नाव ठेवले. पण त्याच खेचरांनी पुढे अर्धे जग पायाखाली घातले.

आमच्या नाशिक जिल्ह्यात या ओझ्याच्या वाटचालीची एक मोठी हकीकत घडून गेली आहे. दिवाळी अंकाच्या वाचकांना ती सांगण्याचे एक खास कारणही आहे. शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली ती इंग्रजी कागदांप्रमाणे ३ ऑक्टोबर १६७० रोजी. इंग्रज व्यापारी तेव्हा जुन्या कालगणनेने तारखा घालीत. ती तारीख आजच्या रीतीत आणली आणि पंचांग मागे मोजत नेले की आपण येऊन थांबतो ते थेट आश्विन अमावास्येपाशी. म्हणजे सुरतेच्या पेढ्यांवर लक्ष्मीपूजनाची तयारी चालू असेल त्याच सुमारास मराठ्यांची फौज वेशीवर येऊन ठेपली होती!

या प्रकरणात नुसता अभिमान धरून चालणार नाही, असे मला वाटते. शहराचा मोठा भाग जळाला. लुटले गेले त्यांत नुसते बादशहाचे अंमलदार नव्हते. सावकार, व्यापारी, कारागीरही होते. राज्य उभारायचे तर पैसा हवा, आणि तो शत्रूच्या मुलुखातून आणायचा, हा त्या काळचा सर्वांचाच न्याय होता, हे खरे. तरी कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला जळत्या घराच्या आतले दिसते, त्याला इलाज नाही.

पण आज सांगायचे आहे ते लुटीच्या पुढचे. मोगलांच्या सरकारी चौकशीत लुटीचा आकडा निघाला ६६ लाख रुपये. आम्ही शाळेत हा आकडा पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. एकदा मी मुलांना त्याचे वजन काढायला लावले. त्या वेळचा चांदीचा रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. म्हणजे एक लाख रुपये अकराशे किलोंहून जास्त भरतात. एका घोड्यावर नव्वद किलो घातले तर नुसत्या एका लाखाला बारा-तेरा घोडी लागतात. सगळी लूट काही नाण्यांत नव्हती. मोती होते, सोने होते, कापड होते. तरीसुद्धा जे काही होते ते हलवायचे होते दोनशे किलोमीटरांहून जास्त, डोंगरातून, आणि पाठीवर शत्रू घेऊन. गणिताच्या तासाला सहसा पेंगणारा एक मुलगा त्या दिवशी म्हणाला, “सर, मग पळणार कसं?”

नेमका हाच प्रश्न महाराजांपुढे होता. ५ ऑक्टोबरला सुरत सोडली. मुल्हेरच्या बाजूने फौज बागलाणात उतरली. आडवा होता तो सातमाळ्याचा डोंगर. धोडप, कांचना, राजदेहेर, चांदवड असे किल्ले ज्याच्या माथ्यावर ओळीने उभे आहेत तोच हा डोंगर. तो ओलांडला की दिंडोरीचे मैदान, पुढे नाशिक, आणि नाशकाहून घाट उतरला की कोकण. इकडे औरंगाबादेहून शहाजादा मुअज्जमच्या हुकमाने दाऊदखान कुरेशी वाट अडवायला निघाला होता आणि चांदवडच्या परिसरात येऊन पोचला होता.

दाऊदखानाच्या बाजूची हकीकत लिहून ठेवली आहे भीमसेन सक्सेना याने. हा बुऱ्हाणपूरचा, मोगलांच्या नोकरीतला, त्या मोहिमेत हजर असलेला. शत्रूकडचा माणूस खरे बोलला की त्याची साक्ष दुप्पट मोलाची. मध्यरात्री हेरांनी बातमी आणली की मराठे खिंड ओलांडून उतरले. निम्मी फौज घेऊन शिवाजी नाशिकच्या वाटेने झपाट्याने पुढे चालला आहे, आणि उरलेली निम्मी फौज खिंडीपाशी थांबली आहे, वाटेत मागे पडलेल्यांना गोळा करण्यासाठी.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. लाखोंचा ऐवज बरोबर, शत्रू काही कोसांवर, एकेक घटका मोलाची, आणि अशा वेळी निम्मी फौज थांबते कशासाठी? कोणाचा घोडा लंगडला असेल, कोणी पायाने फुटला असेल, त्यांच्यासाठी. पिछाडी सांभाळणे हा लष्करी डावपेच होताच, त्यात शंका नाही. पण त्या डावपेचात मागे पडलेल्या माणसाचीही गणती होती.

रात्र चांदण्याची होती. कार्तिकातली चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. दाऊदखान तसाच मध्यरात्री निघाला. पहाटेच्या आधी चंद्र मावळला आणि अंधारात त्याची फौज विस्कटली. कोण कोणाच्या मागे आहे हे कळेना. उजाडताना आघाडीचा इखलासखान मियाना एका टेकडीवर चढला, तो समोर मैदानात मराठे लढाईला सज्ज उभे. आता मौज पाहा. मोगल शिपायांची चिलखते होती उंटांवर! ती उतरवून अंगावर चढवण्यात माणसे गुंतली, तेवढाही दम न धरता इखलासखान मूठभर लोकांनिशी तुटून पडला, आणि थोड्याच वेळात जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. मराठ्यांच्या बाजूने प्रतापराव गुजर, व्यंकोजी दत्तो, आनंदराव मकाजी असे नाणावलेले सरदार होते. लढाई तासन् तास चालली, संध्याकाळी पुन्हा पेटली. तारीख १७ ऑक्टोबर १६७०. रात्री मोगल आपल्या मेलेल्यांना पुरीत आणि जखमींना बांधीत माळावर राहिले. मराठे आपल्या वाटेने कोकणात उतरले. ओझे तर केव्हाच पुढे गेले होते. दाऊदखान दुसऱ्या दिवशी नाशकास आला आणि महिनाभर तिथेच राहिला.

मी काही इतिहासाचा पदवीधर नव्हे. पण एका फौजेची ढाल उंटावर आणि दुसरीची पिछाडी जागेवर, एवढ्यावरूनही त्या सकाळचा पुष्कळसा निकाल समजतो, असे माझे मत आहे.

अलीकडे पाठीवर वजन घेऊन लांब चालणे हा जगभर हौसेचा प्रकार झाला आहे. अमेरिकेत त्याला ‘रकिंग’ म्हणतात. ‘रकसॅक’, म्हणजे पाठपिशवी, या जर्मन शब्दावरून. तिथल्या फौजेतून बाहेर पडलेल्यांनी ते नागरिकांत आणले. संघ करून शनिवार-रविवार चालायचे आणि आपापल्या पिशवीखेरीज सर्वांनी मिळून एखादा ओंडका नाहीतर वाळूची गोणी न्यायची. हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून १९८१ साली ‘ट्रेलवॉकर’ निघाले. त्यात चौघांचा एक संघ, १०० किलोमीटर, ४८ तास. पुढे ते सामान्य लोकांसाठी खुले झाले आणि भारतातही आले. या सगळ्यांमागची कल्पना एकच: संघाने एकत्र चालायचे आणि एकत्र पोचायचे.

आमच्याकडच्या काही तरुणांनी तशीच एक वाटचाल कांचन्याच्या पायथ्यापासून दिंडोरीपर्यंत आखली, तेव्हा चाळिशी उलटलेली असूनही मी नाव दिले. सहा जणांचा संघ, प्रत्येकाच्या पाठीवर दहा किलो, आणि सर्वांची मिळून वीस किलोंची वाळूची गोणी. आमच्यात एक परिचारिका होत्या, निफाडकडचा एक द्राक्षबागाईतदार, माझे दोन माजी विद्यार्थी आणि एक निवृत्त हवालदार. घरच्यांचे म्हणणे असे की दिवाळीच्या आधी घरातले माळे आवरायचे सोडून वाळू कसली वाहता? या म्हणण्याला उत्तर नव्हते.

शनिवारी दिवस मावळता आम्ही निघालो. पहिले दोन तास गोणी म्हणजे थट्टेचा विषय होता. मग ती हळूहळू जड होऊ लागली. वजन तेच, पण रात्री दहा वाजता वीस किलो म्हणजे वीस आणि दोन वाजता चाळीस, हा हिशेब कुठल्याच तराजूला ठाऊक नाही. खांद्यावर गोणी ठरेना. तेव्हा बागाईतदाराने कमरेचे उपरणे सोडले, पीळ देऊन त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि गोणी वर घेतली. आमची आई विहिरीवरून हंडा आणी तसा तो ताठ मानेने चालू लागला. हात मोकळे! “पायजे तर कोणी पण घ्या, पण मान वाकवू नका,” एवढेच शिक्षण त्याने दिले, आणि पुढची सगळी रात्र ती चुंबळ या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत राहिली.

तीनच्या सुमारास आमच्यातला सगळ्यांत तगडा गडी बसला. माझाच विद्यार्थी, शाळेत कबड्डीचा कप्तान. बूट काढला तर टाच सोलून निघालेली. “तुम्ही व्हा पुढं सर, मी येतो सावकाश,” असे तो म्हणाला. दुसऱ्या एका संघाचे दिवे आमच्या शेजारून पुढे गेले. परिचारिकाबाईंनी त्याला बोलू दिले नाही. जखम धुतली, पट्टी बांधली. हवालदारांनी त्याची पिशवी उघडून सामान पाच वाटण्यांत मांडले, भाऊ शेत वाटून घेतात तसे. मग त्यालाच सर्वांच्या पुढे उभे केले. “आता हा चालेल तशी पलटण चालेल,” ते म्हणाले. तो चालला, लंगडत, अगदी मुंगीच्या पावलांनी, आणि आम्ही त्याच्या मागे. शेजारच्या शेतांतून द्राक्षांच्या ओळी गेल्या, एक कुत्रे बराच वेळ सोबतीला आले, आणि उजव्या हाताला अंधारात सप्तशृंगीच्या गडावरचे दिवे दिसत राहिले. त्या गडावर दर कोजागरीला दूरदूरच्या नद्यांचे पाणी खांद्यावर घेऊन कावडवाले पायी चढतात. तेही घोळक्याने येतात आणि खांदा बदलत चालतात.

त्या संथ चालीत हवालदार बोलते झाले. एरवी ते मोजके बोलणारे. म्हणाले, “आमच्या आज्यानं पण या भागात ओझी वाहिली, सर. साहेबाचा तंबू, फौजदाराची पेटी. या शिवेवरनं त्या शिवेवर. त्याला कोण विचारायला नव्हतं की टाच सोलली का.”

मग मी चालता चालता गप्प झालो. महारकीचे वतन म्हणजे काय, हे मी वर्गात शिकवतो. गावात आलेल्या अंमलदाराचे सामान पुढच्या गावापर्यंत पोचवणे, सांगावा घेऊन धावणे, रात्री-अपरात्री हाक आली की उठणे. आणि बदल्यात तुटपुंजी जमीन नि दारोदारचे बलुते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करून या जोखडातून सोडवण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. ते तेव्हा तडीस गेले नाही. १९५० च्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगार मना केली, आणि १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातली ही कनिष्ठ वतने अखेर रद्द झाली. हवालदारांचे वडील त्या वेळी लहान होते. मोठे झाल्यावर ते फौजेत गेले, मुलगाही गेला. “पलटणीत पाठीवर ओझं होतं,” हवालदार म्हणाले, “पण शेजारच्याच्या पण पाठीवर तेवढंच होतं.”

उजाडले तेव्हा दिंडोरी समोर दिसत होती. आम्ही पोचलो ते शेवटून दुसरे. सहाजण एका ओळीत, कप्तान मधोमध. स्वयंसेवकांनी नावे लिहून घेतली, चहा दिला, टाचेला नवी पट्टी झाली. हवालदारांनी गोणीचे तोंड सोडून वाळू रस्त्याच्या कडेला एका खड्ड्यात ओतली आणि पायाने सारखी केली. गोणी झटकली, घडी घातली, आणि बागाईतदाराला देत म्हणाले, “घ्या. चांगली आहे अजून. छाटणीला उपयोगी पडेल.”