कच्चा होता तो ब्रेक

पुतणीच्या मुलीचे कान टोचायला बाराव्या दिवशी सोनार घरी आला. तार कानातून गेली आणि बाळाने असा टाहो फोडला, की मी उठून ओसरीवर जाऊन बसलो. आत्याने बाळाच्या ओठांना साखरेचं पाणी लावलं आणि मला म्हणाली, "अरे, एवढ्याशा जिवाला काय कळतंय!"

आत्याचं सोडा. विसाव्या शतकात कित्येक वर्षं मोठमोठ्या इस्पितळांतही हाच समज होता, आणि तिथे प्रश्न छाती उघडण्याचा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला स्नायू लुळे करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड वायू देत, आणि शस्त्रक्रिया उरकत. बाळ हलत नसे, रडत नसे. नवजात मेंदू कच्चा, त्याला वेदना होत नाही, असं सांगितलं जाई. अफूच्या जातीच्या औषधांनी बाळाचा श्वास थांबेल, ही भीतीही होती आणि ती अगदीच खोटी नव्हती.

इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. के. जे. एस. आनंद यांना मात्र शस्त्रक्रियेहून परतलेली बाळं बघवेनात. राखाडी पडलेली, नाडी मंद. त्यांनी व सहकाऱ्यांनी हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधायच्या शस्त्रक्रियेत आठ बाळांना नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल दिलं, आठांना नेहमीचीच औषधं. फेंटानिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळली होती, नंतरचे त्रासही त्यांनाच जास्त झाले. हे 'लॅन्सेट'मध्ये 1987 साली छापून आलं.

मग कच्चं होतं तरी काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1969 साली डेव्हिड रेनॉल्ड्सने उंदरांच्या मेंदूच्या एका ठरावीक जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला आणि भुलीशिवाय त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. ही जागा मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात आहे. वेदनेला ब्रेक लावणारी यंत्रणा शरीरातच होती तर! 1973 साली अफूचे रेणू जिथे चिकटतात ती ग्राहकस्थानं सापडली. पण निसर्गाने ही कुलपं काही खसखशीच्या बोंडासाठी बसवली नसणार. किल्ली अंगातच हवी. ती ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना डुकरांच्या मेंदूत मिळाली. कॉस्टरलिट्झ हे हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. अवघ्या पाच अमिनो आम्लांच्या या दोन साखळ्यांची रचना 1975 साली प्रसिद्ध झाली. नाव ठेवलं एन्केफॅलिन. ग्रीकमध्ये अर्थ, डोक्यातलं.

आता बाळाकडे येऊ. लंडनच्या मारिया फिट्झगेराल्ड यांनी 1986 साली उंदराच्या पिलांत दाखवलं, की मस्तिष्कस्तंभातून खाली येणारे तंतू जन्मतःच मज्जारज्जूत पोचलेले असतात, पण वेदना दाबण्याचं काम ते दहा-बारा दिवसांनंतरच करू लागतात. वेदना वर नेणारी वाट उघडी, ब्रेक मात्र लागलेला नाही. म्हणजे तर्क नेमका उलटा निघाला! 2012 साली त्यांच्याच गटाने आणखी चमत्कारिक गोष्ट मांडली. तीन आठवड्यांच्या पिलाच्या मस्तिष्कस्तंभात अफूसारखं द्रव्य सोडलं, तर वेदनेची प्रतिक्रिया कमी होण्याऐवजी वाढते. मोठ्या उंदरात ती दबते. हा पालट घडवतात शरीरातलीच अफूसदृश द्रव्यं. त्या सुमारास आठवडाभर नॅलॉक्सोन देऊन त्यांची वाट अडवली, तर उंदीर मोठा झाला तरी ब्रेक तयार होत नाही. उंदराचा आठवडा म्हणजे माणसाचे किती महिने, हा हिशेब सरळ नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

राहिलं आत्याचं साखरपाणी. इलियट ब्लास यांनी 1987 साली पाहिलं, की साखरेने पिलं वेदना जास्त वेळ सोसतात आणि अफूविरोधी औषध दिलं की तो गुण जातो. टाचेतून रक्त घेताना साखर दिलेली माणसाची बाळंही निम्मंच रडली. पण 2010 साली लंडनमध्ये अशा बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या गेल्या. साखर दिलेल्या बाळांचे चेहरे शांत होते. टाचेला सुई लागल्यावर मेंदूत उठणारी लहर मात्र साधं पाणी दिलेल्या बाळांएवढीच होती.