मोडीचे वळण
* मोडीचे वळण : सिंदखेडराजा-मेहकर भागातले जुने कागद मोडी लिपीत आहेत. कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. लिहिणाऱ्याची सोय, वाचणाऱ्याची दमछाक! हे वळण आजच्या सुलेखनात आणले ते मुंबईच्या अच्युत पालवांनी. जे. जे. कलासंस्थेतून १९८२ साली बाहेर पडल्यावर त्यांनी उल्का जाहिरातसंस्थेच्या शिष्यवृत्तीवर मोडीचा अभ्यास केला, पुढे मोडी-देवनागरीच्या मेळातून ‘मुक्तलिपी’ घडवली. २०२५ची पद्मश्री त्यांना मिळाली. खरे तर मोडी अभ्यासण्याचे काम लिपितज्ज्ञांचे. एका सुलेखनकाराने ते अंगावर घेतले, हे विशेष. संगणकावरील ‘मंगल’ टंकाचे कर्ते र. कृ. जोशीही अक्षरवेडेच, पण मोडीचा ध्यास पालवांचा.—संपा.