दुसऱ्या प्रतापगडचा हिंवाळा

प्रतापगड म्हटलें कीं महाराष्ट्रीय वाचकांच्या डोळ्यांपुढें जावळीचें अरण्य उभें राहतें आणि १६५९ सालच्या नोव्हेंबरची १० वी तारीख आठवते. त्या गडाच्या शेजारीं, महाबळेश्वरास, वेण्णा तलावाच्या कांठीं ऐन थंडींतल्या एखाद्या पहांटे दंव गोठून गवतावर पांढरा थर दिसतो, आणि वर्तमानपत्रें ती वार्ता मोठ्या हौसेनें छापतात. परंतु आम्ही आज ज्या प्रतापगडाविषयीं लिहिणार आहों तो हा नव्हे. तो महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत आहे. तेथें अफझलखान आला नाहीं, आणि बर्फहि पडत नाहीं. असें असूनहि हिमाचा आणि ह्या गांवाचा एक निकटचा संबंध आहे. तो आम्हां सुशिक्षितांच्या दृष्टीआड राहिला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचा विचार करूं. ‘हिंवाळा’ हा आमचा नित्याचा शब्द संस्कृत ‘हिम’ शब्दापासून आलेला आहे. हिंवताप, हिंव भरणें हे प्रयोगहि त्याच कुळांतले. ज्या भाषेच्या बहुसंख्य लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या हिम पाहिलें नाहीं, तिनें एक सबंध ऋतु त्याच्या नांवावर लिहून ठेवावा, हें मोठें नवल होय. आमच्याकडील थंडीचे आंकडेहि हेंच सांगतात. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं तो ३.५ अंशांवर आला. पाणी गोठावयास शून्य अंश लागतो. निरभ्र रात्रीं उघड्या जमिनीची उष्णता झपाट्यानें निघून जाते आणि गवताची पात हवेहूनहि थंड होते, म्हणून क्वचित्‌ कोठें दंव गोठतें इतकेंच. शिवाय पूर्व विदर्भाची थंडी ही बव्हंशीं तेथली नव्हेच. हिमालयांत बर्फ पडून गेलें आणि आकाश स्वच्छ झालें, कीं उत्तरेचे कोरडे वारे मध्य भारतावर उतरतात, व मग गोंदिया-नागपुराकडे शेकोट्या पेटतात. म्हणजे हिम आमच्याकडे येत नाहीं, पण त्याचा निरोप येतो.

ह्या मुलखाचा शरद ऋतु धानाचा. आश्विनांत हलकें धान कापणीस येतें, त्यामागून भारी. आणि बांधींतली ओल सुकण्यापूर्वींच उभ्या धानांत लाखोळी फेंकतात. ह्या धानाला पाणी पुरविणारे तलाव हाच येथील खरा इतिहास आहे. ते बांधले कोहळी शेतकऱ्यांनीं. प्रतापगडाहून फार दूर नसलेला नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला अशी परंपरा असून, लोकांनीं त्याला कोलासुर म्हणून देवपण दिलें. हे कोहळी तरी मूळचे येथलेच काय? चांद्याच्या एका गोंड राजानें काशीयात्रेहून परततांना त्यांना इकडे आणलें, अशी कथा सांगतात. कथेंत तथ्य किती तें असो. बाहेरून आलेला मनुष्य पाणी अडवून, जमीन कसून ह्या भूमीचा होऊन जातो, ही गोष्ट येथील लोकांना पूर्वींपासून ठाऊक होती, एवढें तिच्यावरून दिसतें.

अशाच आलेल्या दुसऱ्या लोकांची हकीगत आतां सांगावयाची आहे. १० मार्च १९५९ रोजीं ल्हासा येथें चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. १७ तारखेच्या रात्रीं दलाई लामा सैनिकाच्या वेषांत बाहेर पडले, आणि ३१ तारखेस भारताच्या हद्दींत पोंचले. त्यांच्यामागून हजारों तिबेटी स्त्रीपुरुष बर्फाच्या खिंडी ओलांडून आले. आसामांतील मिसामारीच्या छावणींत दमट उष्म्यानें व रोगांनीं त्यांच्यापैकीं अनेक दगावले. जे वांचले त्यांतले पुष्कळ हिमालयांतील रस्त्यांच्या कामावर खडी फोडीत राहिले. पुढें त्यांच्यासाठीं निरनिराळ्या प्रांतांत वसाहती निघाल्या. बैलकुप्पे, मुंडगोड, मैनपाट हीं नांवें पुष्कळांनीं ऐकलीं असतील. त्याच मालिकेंत १९७२ सालीं तेव्हांच्या भंडारा जिल्ह्यांत, गोठणगांव-प्रतापगडाच्या परिसरांत, ‘नोर्ग्येलिंग’ ही वसाहत स्थापन झाली. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला, तेव्हां ती त्यांत आली.

तिबेटी लोक आपल्या देशाला ‘खावाचेन’ म्हणजे ‘हिमयुक्त’ असेंहि म्हणतात. वास्तविक ल्हासाच्या खोऱ्यांत बर्फ फारसें पडत नाहीं. तें पर्वतांवर आणि खिंडींत असतें. तेथील शेतकऱ्याला खरें भय बर्फाहून गोठत्या दंवाचें. जवाचें पीक हातीं येण्यापूर्वीं तें पडलें कीं वर्षाचा घांस गेला. म्हणून कापणीपूर्वीं ‘ओंग्कोर’ नांवाचा उत्सव करून, धर्मग्रंथ मिरवीत शेतांना प्रदक्षिणा घालण्याची तेथें चाल आहे. सुमारें साडेतीन हजार मीटर उंचीवर जव पिकविणाऱ्या ह्या लोकांना आमच्याकडे येऊन चिखलांत धान लावावें लागलें, मे महिन्याचें ऊन सोसावें लागलें, आणि ज्या थंडीला ते शत्रु मानीत तिची चातकासारखी वाट पाहावी लागली. ह्याचें कारण पुढें सांगतों.

केवळ शेतीवर निर्वाह होईना, तेव्हां भारतांतील वसाहतींतल्या तिबेटी लोकांनीं लोकरीच्या कपड्यांचा फिरता व्यापार धरला. पावसाळा सरला कीं ते लुधियान्याच्या व्यापाऱ्यांकडून स्वेटर, शाली, कानटोप्या बहुधा उधारीवर उचलतात, आणि शहराशहरांतून मांडव घालून बसतात. दिवाळीच्या सुमारास वसाहतींत म्हातारींकोतारीं आणि शाळकरी मुलेंच काय तीं उरतात. थंडी वेळेवर पडली तर उधारी फिटते आणि वर्ष निभावतें. ती लांबली किंवा सौम्य निघाली तर गठ्ठे तसेच राहतात आणि ऋण डोक्यावर बसतें. पहिल्या गारठ्याची झुळूक आमच्या अंगावर कांटा आणते. त्यांच्या घरीं ती चूल पेटविते.

येथें आमचाच एक दोष आम्ही कबूल करतों. नागपुरास अध्यापन करीत असतां आम्ही कित्येक वर्षें अशा मांडवांतून स्वेटर घेतले, आणि दर वर्षीं दोन रुपयांसाठीं घासाघीसहि केली. विकणाऱ्या बाईचें मराठी आमच्या कांहीं सहकाऱ्यांच्या मराठीहून सरस होतें. तरी तिचें घर धर्मशाळेकडे कोठें तरी असेल, असें आम्ही गृहीत धरून चाललों. एकदां सहज विचारलें, तेव्हां ‘गोठणगांव’ असें उत्तर आलें. आम्हीहि पूर्व विदर्भाचेच. परंतु आमच्या मुलखांत एक तिबेटी गांव आहे हें आम्हांला त्या दिवशीं कळलें, आणि तेंहि एका स्वेटराच्या निमित्तानें. तिनें बर्फ पाहिलें होतें काय? नाहीं. तें तिच्या आईनें पाहिलें होतें.

ह्या एका उत्तरांत पुष्कळ इतिहास सामावलेला आहे. जे १९५९ सालीं दहा वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. वसाहतींत जन्मलेल्या पिढ्यांना हिम हा केवळ ऐकीव शब्द झाला आहे, आमच्या ‘हिंवाळ्या’सारखाच. त्यांतलीं कित्येक तरुण मुलें शहरांत किंवा परदेशीं निघून जात आहेत. तिबेटच्या पठारावरील सरोवरांवर वीण घालणारे पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून दर हिंवाळ्यांत विदर्भांतील तलावांवर उतरतात, आणि उन्हाळ्यापूर्वीं परत जातात. त्यांची नोंद आमचे पक्षिमित्र तारीखवार ठेवतात. त्याच वाटेनें आलेल्या आणि परत न गेलेल्या माणसांची नोंद ठेवण्याचें काम मात्र कोणी तरी अंगावर घ्यावयास हवें.

माघ संपतां संपतां प्रतापगडास महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. पुष्कळ वर्षीं त्याच सुमारास तिबेटी नववर्षाचा ‘लोसार’ येतो, आणि शहरांत गेलेले व्यापारी तत्पूर्वीं घरीं परततात. आमच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं त्या दिवसांत वही घेऊन तेथें जावें, यात्रा पाहावी, आणि नंतर वसाहतींतल्या एखाद्या वृद्धापाशीं बसून पहिलें बर्फ त्यानें कोठें पाहिलें आणि शेवटचें कोठें, एवढेंच विचारावें. उत्तर देणारे अजून आहेत, तोंवरच हें व्हावयास पाहिजे.